पुलावर कुणी राहत नाही

भाईंदर पूर्व,
१२ मे १९९६

वन्सं,

आंबे पोचले. सदूभावजींनी दादरला येऊन पेटी रसिकाच्या हातात दिली. काही नासले होते, बाकी चांगले निघाले. खाल्ले आम्ही.

तुम्ही दर पत्रात विचारता की मी रडते का. नाही रडत. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तक आणते आणि संपवते. काय वाचलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. रसिका म्हणते, "आई, तू हेच पुस्तक मागच्या महिन्यात आणलं होतंस." असेल.

एक काम निघालंय. इथे निवडणुका येणार म्हणून वॉर्डांच्या हद्दी नव्याने पाडतायत. त्याचा कच्चा मसुदा बोर्डावर लावलाय. लोक येतात, आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला का एवढं बघतात आणि जातात. मी सगळा वाचला. नकाशा नाही, नुसते शब्द. वॉर्डाच्या उत्तरेला काय, पूर्वेला काय. आपली बिल्डिंग वॉर्ड अठरामध्ये. अठराच्या पश्चिमेला लिहिलंय, 'नाल्याच्या मध्यातून'. पलीकडचा वॉर्ड सतरा. त्याच्या पूर्वेलाही तेच, 'नाल्याच्या मध्यातून'. मागच्या वेळीही असंच होतं.

तुम्ही आला होतात तेव्हा तुम्हाला पुलापर्यंत कुणी नेलं नाही, म्हणून सांगते. स्टेशनकडून येताना नाल्यावर तो पायपूल लागतो. दोन माणसं जेमतेम जातील एवढा. त्याला कठडा नाही. हे त्या संध्याकाळी दुर्वा घेऊन येत होते, पाणी पुलाच्या बरोबरीने वाहत होतं, आणि तिथूनच वाहून गेले. दुसऱ्या दिवशी मिठागराकडे सापडले.

तेराव्यानंतर मी आमच्या नगरसेवकाकडे गेले. ते म्हणाले, "बाई, वाईट झालं. पण पूल पलीकडच्यांचा." पलीकडच्यांकडे गेले. ते म्हणाले, "आमचा अर्धाच. अर्ध्या पुलाला कठडा कसा लावू, तुम्हीच सांगा." दोघेही खोटं बोलत नव्हते. रेघ मधूनच जाते.

तर मी हरकत घेणार आहे. रेघ नाल्याच्या मध्यातून नको, काठावरून न्या. कुठल्याही काठावरून. पूल कुणा एकाचा तरी होऊ दे. भावोजींना अर्जाची भाषा येते, चार ओळी लिहून पाठवायला सांगाल का?

वर्षश्राद्धाला मी येतेच आहे.

अनसूया

*

मु. आंबेकोंड, जि. रत्नागिरी
२४ मे १९९६

गं. भा. अनसूया हिस गोदूबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले, मजकूर समजला. इकडील मंडळी खुशाल आहेत.

अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात आम्ही असा मुद्दा घातला आहे की नाल्यापलीकडील चाळींत रत्नागिरीकडील कुटुंबे बहुसंख्य असून ती तुमच्या वॉर्डास जोडावीत. त्यायोगे आपल्या माणसांची संख्या एका ठिकाणी येईल व आपला उमेदवार निवडून येण्यास हरकत राहणार नाही. पुलाचा विषय शेवटी एका ओळीत घेतला आहे. नुसत्या पुलासाठी हद्द बदलत नसते. गोदूबाई स्वतः ग्रामपंचायत सदस्य असल्याने हे अनुभवाचे बोल समजावेत.

वर्षश्राद्ध निज आषाढात, वद्य चतुर्थीस, म्हणजे ३ ऑगस्ट रोजी करण्याचे योजले आहे. यंदा आषाढ दोनदा आहे, हे तुला ठाऊक असेलच. अधिक मासात काही करावयाचे नाही. आत्मारामला मुलगा नसल्याने सदू बसेल. आठ दिवस आधी यावे.

प्रकृतीस जपावे.

गोदूबाई

*

भाईंदर पूर्व,
६ जून १९९६

वन्सं,

मसुदा मिळाला. भावोजींना सांगा, अक्षर सुंदर आहे. पण मी तो दिला नाही. चाळी इकडे आणा म्हटलं की लगेच कुणीतरी उठून म्हणणार, नका आणू. मग ते भांडण माणसांचं होतं, आणि पूल राहतो शेवटच्या ओळीत. मी माझ्या हाताने चार ओळी लिहिल्या. केबिन रोडवर झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बेन, इतना बडा कागज और इतना छोटा मॅटर? पीछे कुछ है क्या?" मी म्हटलं, "पीछे कुछ नहीं है." त्याने मागची बाजू उलटून बघितलीच.

आमच्या खालच्या मजल्यावरचा नाथा तुम्हाला आठवत असेल. तिरडीचं सामान त्यानेच आणलं होतं. त्याला नगरसेवक व्हायचंय. आता वॉर्ड बायकांसाठी राखीवच राहिला तर बायकोला, रुचिताला, उभी करणार. त्याचीही हरकत आहे. त्याला मागच्या दोन चाळी अठरातून काढून हव्यात, तिकडे त्याला मतं नाहीत. सह्या गोळा करतोय. माझ्याकडे आला.

"वहिनी, सही द्या. तुमचा पूल पण टाकतो आमच्यात."

"आमच्यात म्हणजे कुठे?"

"अर्जात हो. सातवा मुद्दा."

"सातव्यापर्यंत कोण वाचतं?"

तो हसला. म्हणाला, "वहिनी, तुम्हीच उभ्या का नाही राहत? खरं सांगू, रुचितापेक्षा तुम्हाला जास्त मतं पडतील. लोकांना वाईट वाटतंय ना तुमच्याबद्दल."

रुचिता मागेच उभी होती. ती म्हणाली, "हो, आणि मग रोज सकाळी घरी चहा कोण करणार ते पण सांगा त्यांना." मला हसू आलं नाही, पण हसण्यासारखं होतं एवढं कळलं.

सही दिली नाही. त्याला राग आला नाही, त्याच्याकडे भरपूर सह्या आहेत.

३ ऑगस्ट लक्षात आहे. २६ जुलैच्या एसटीचं रिझर्वेशन रसिका करतेय.

अनसूया

*

मु. आंबेकोंड
१९ जून १९९६

गं. भा. अनसूया हिस आशीर्वाद.

तातडीने लिहीत आहे. काल भटजी आले होते. त्यांचे म्हणणे असे पडले की दुसऱ्या वर्षापासून श्राद्ध निज मासात करतात, परंतु पहिले वर्षश्राद्ध बारा महिने पूर्ण होताच, म्हणजे अधिक आषाढातच केले पाहिजे. निजापर्यंत थांबल्यास वर्ष उलटून जाते व गेलेला जीव ताटकळत राहतो. आम्हांस हे ठाऊक नव्हते. चूक झाली. गावकीला व पाहुण्यांना ३ ऑगस्टची आमंत्रणे गेली होती, ती सर्व आता फिरवावी लागत आहेत.

तरी वर्षश्राद्ध आता अधिक आषाढ वद्य चतुर्थीस, शुक्रवार दि. ५ जुलै रोजी होईल. तू रसिकास घेऊन १ तारखेपर्यंत पोचावे.

हद्दीचे काम झाले असल्यास कळवावे.

गोदूबाई

*

भाईंदर पूर्व,
२४ जून १९९६

वन्सं,

तुमचं पत्र आज आलं. सुनावणीची नोटीस शनिवारी आली होती. शुक्रवार, ५ जुलै, सकाळी अकरा वाजता, ठाण्याला. हरकत घेणाऱ्याने स्वतः हजर राहायचं, नाहीतर हरकत निकालात निघाली असं समजायचं. तारीख बदलून मिळते का म्हणून विचारून आले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "नवऱ्याचं वर्षश्राद्ध." तो म्हणाला, "बाई, शंभरावर लोकांच्या हरकती आहेत, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतं." तेही खरं.

मी येत नाही.

तुम्हाला हे वाचून काय वाटेल ते मला समजतं. म्हणून सरळ लिहिते. श्राद्धाला सदूभावजी बसणार. भटजी सांगतील, ते करतील. जेवण तुम्ही कराल. मी तिथे भिंतीला टेकून बसणार आणि बायका माझ्याकडे बघणार. मी नसले तर काही अडणार नाही. इथे मी नसले तर अर्ज तिथेच संपतो. माझ्या जागी दुसरं कुणी बोलणार नाही.

रसिकाला एकटीला पाठवते. ती वडिलांच्या पानात वाढेल. तिला मी म्हटलं, तुला राग आलाय का. ती म्हणाली, "आई, मला काही कळतच नाहीये, तू सांग तसं करते." माझ्यासारखीच झालीय ती. ते बरं की वाईट, कळत नाही.

यांना अळूची भाजी आवडायची, एवढं पानात असू द्या.

अनसूया

*

मु. आंबेकोंड
१० जुलै १९९६

गं. भा. अनसूया हिस आशीर्वाद.

वर्षश्राद्ध यथासांग पार पडले. सदू बसला. पाहुणे आले होते. पिंडास कावळा शिवला. अळू केले होते. रसिका ६ तारखेस परत निघाली, पोचली असेल.

तू आली नाहीस, याबद्दल मंडळींत बोलणे झाले. नवरा जाऊन वर्ष झाले नाही तोच बाईमाणसाने कचेऱ्यांच्या रेघांमागे लागावे, हे बरे दिसत नाही. मोठ्या नात्याने लिहिले आहे, राग मानू नये.

गोदूबाई

*

भाईंदर पूर्व,
१८ जुलै १९९६

वन्सं,

राग मानला नाही. पण सुनावणीत काय झालं ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण त्याच वेळी तिकडे तुम्ही भावाच्या नावाने पान वाढत होतात.

घोडबंदरच्या रस्त्याने एसटीने गेले. नाथा त्याच गाडीत होता, पंधरा माणसं घेऊन. त्यांच्यातल्या एकाने मला खिडकी दिली. ठाण्याला मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या. समोर साहेब, त्यांच्याजवळ दोन कारकून आणि टेबलभर नकाशा. शेवटी एकदाचा नकाशा बघायला मिळाला. नाला त्यावर निळा होता.

नाथाच्या हरकतीला किती वेळ लागला असेल? मी डबा उघडून परत बंद केला तेवढ्यात झालं. साहेब म्हणाले, "या चाळी म्हणजे जनगणनेचा एक अख्खा गट आहे. गट फोडता येत नाही." नाथा म्हणाला, "साहेब, तीनशे सह्या आहेत." साहेब म्हणाले, "सह्या छान आहेत. पुढचे."

मग माझं नाव. मी उभी राहिले. साहेबांनी अर्ज वाचला, उलटून बघितला, परत वाचला.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे रेघ काठावर नेली तर किती मतदार इकडचे तिकडे होतात?"

"एकही नाही, साहेब."

"लोकसंख्या?"

"काही नाही. पुलावर कुणी राहत नाही."

मागे लोक हसले. नाथाची माणसंही. साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग हरकत कशाबद्दल आहे तुमची? आपण इथे मतदारांसाठी वॉर्ड करतोय. तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

मी म्हटलं, "पक्षाची नाही. पुलावर कुणी राहत नाही, म्हणूनच त्याला कुणी विचारत नाही. राहत असतं तर जनगणनेला तरी माणूस आला असता. तुमची रेघ पुलाच्या मधून जाते. दोन्हीकडचे नगरसेवक म्हणतात, पलीकडचा. मागच्या आषाढात माझा नवरा त्या पुलावरून पडला. कठडा नाही. कठडा कोण लावणार ते तुमच्या रेघेमुळे ठरत नाही."

विचारलं म्हणून सांगितलं.

साहेबांनी कारकुनाला विचारलं, "नाल्याच्या मध्यातून का घेतलं?" कारकून म्हणाला, "नेहमी तसंच घेतात, सर." साहेबांनी नकाशाकडे बघितलं. मग मला विचारलं, "कुठला काठ हवाय तुम्हाला? अलीकडचा की पलीकडचा?"

मी म्हटलं, "कुठलाही."

"पूल तुमच्या वॉर्डात नको?"

"कुणाच्या तरी वॉर्डात हवा."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "कळवण्यात येईल" म्हणाले.

बाहेर आल्यावर नाथा म्हणाला, "वहिनी, मतदार नसलेल्या जागेसाठी हरकत घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या." मग म्हणाला, "आमची तीनशेची गेली, तुमची एकटीची राहील बघा." त्याने मला उसाचा रस पाजला. मी प्यायले. त्या वेळी मनात आलं की तिकडे पानं वाढली असतील. एवढंच आलं. दुसरं काही आलं नाही. येईल म्हणून थांबले होते.

रसिका पोचली. तिकडचं काही बोलली नाही.

अनसूया

*

भाईंदर पूर्व,
२ सप्टेंबर १९९६

वन्सं,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. तुमची तब्येत बरी आहे ना? गणपतीत येणं होणार नाही, हे रसिकाने कळवलं असेल.

हद्दींची शेवटची यादी लागली. अठराच्या पश्चिमेला आता लिहिलंय, 'नाल्याच्या पूर्व काठाने'. म्हणजे पूल अख्खा सतरात गेला. आम्ही अठरातच. बोर्डासमोर उभी राहून तीनदा वाचलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "आपका वॉर्ड चेंज हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं." "फिर?" तो बिचारा वाट बघत होता. मी सांगत बसले नाही.

तुम्हाला आनंद झाला का विचाराल, तर नाही. काम झालं असं वाटलं. भांडी घासून झाल्यावर वाटतं तसं.

पत्र टाका.

अनसूया

*

आंबेकोंड
२३ सप्टेंबर १९९६

अनसूया,

हे पत्र माझ्या हातचं हाय. अक्षर वाकडं दिसंल. आधीची पत्रं हे लिहायचे. मी चुलीपाशी बसून सांगायची आणि हे त्यांच्या मनाने लिहायचे. शेवटी माझं नाव घालायचे. तू ठाण्याच्या साहेबाचं लिहिलेलं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, उत्तर देऊ नको. म्हणून मी गप्प. दुसरं पत्र आलं तेव्हा हे देवरुखला होते. पोस्टमनकडून मीच घेतलं. अक्षरं लावून लावून वाचलं, दोन दिवस लागले.

तुला खोटं लिहिलं गेलंय ते सांगते. यथासांग काय नाय झालं. तारीख बदलली म्हणून निम्मे पाहुणे आलेच नायत. पानं उरली. आणि कावळा शिवला नाय. पाऊस धरला होता. सदू पिंड घेऊन परड्यात उभा, त्याच्या डोक्यावर इरलं धरून मी उभी. लय वेळ. एकजण म्हणाला, काय मनात राह्यलं असंल ते बोला. दुसरा म्हणाला, बायको आली नाय म्हणून. मी रागाने त्याला म्हटलं, पावसात कावळे येतात काय रे तुझ्या घरी? मग मी पिंडाकडं बघून म्हटलं, आत्माराम, ती तुझ्या पुलासाठीच गेलीय, कठडा करून घेईल ती. बोलले आणि वाट बघितली. तरी नाय आला. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. रसिकाला मी सांगितलेलं, आईला बोलू नको. पोर नाय बोलली म्हणजे शहाणी हाय.

तू रेघांमागं लागलीस ते वाईट दिसतं, असं मी बोलले नव्हते. ते ह्यांचं. मी म्हणाले होते, ती आली असती तर मला आधार झाला असता. त्याचं ते झालं.

मला पंचायतीत बसवलंय ते तुला ठाऊक. खुर्ची देतात, चहा देतात, जिथं बोट दाखवतील तिथं सही घेतात. परवा मी म्हटलं, वाचून करते. सरपंच म्हणाले, मामी, पाच वाजले. मी म्हटलं, मग उद्या करते. घरी आल्यावर हे बोलले मला. मी ऐकून घेतलं.

कठड्याचं काय झालं ते लिही. सरळ सोपं लिही, मला लावता येईल असं, नायतर इकडं हेच वाचतील.

गोदू

*

भाईंदर पूर्व,
१५ जानेवारी १९९७

वन्सं,

तुमचं पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवलं. तुम्ही परड्यात इरलं धरून उभ्या होतात, ते रोज दिसतं.

निवडणूक झाली. नाथाची रुचिता अठरातून आली. पहिल्या दिवशी हार घालून मिरवणूक, दुसऱ्या दिवशी मला जिन्यात म्हणाली, "वहिनी, आता मला रोज बारा माणसांचा चहा करावा लागतो."

मी सतराच्या नव्या नगरसेवकांकडे गेले. ऑफिसात गर्दी. माझा नंबर आला.

"कुठे राहता?"

मी बिल्डिंगचं नाव सांगितलं.

"ती तर अठरात. तुमच्या ताईंकडे जा, रुचिताताई. चांगल्या आहेत."

"मी अठरात आहे. पूल तुमच्यात आहे."

"अर्धा ना?"

"आधी अर्धा होता. आता अख्खा."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या माणसाने कपाटातून हद्दींची यादी काढली. त्यांनी वाचली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माणूस हळू म्हणाला, "साहेब, हा पूर्व काठ आहे. गेला आपल्यात."

नगरसेवक मला म्हणाले, "बाई, तुमचं मत मला नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये एकही मत मला नाही."

मी म्हटलं, "नाही."

"मग मी हे का करू?"

"दुसऱ्या कुणाचं नाव सांगता येत असेल तर सांगा. मी त्याच्याकडे जाते."

त्यांनी यादी मिटून माणसाकडे दिली. मग म्हणाले, "अर्ज आणलाय?" आणला होता. त्यावर त्यांनी शेरा मारला.

पुढच्या गुरुवारी एक माणूस टेप घेऊन पूल मोजून गेला. मी खिडकीतून बघितलं.

अनसूया

*

आंबेकोंड
२० फेब्रुवारी १९९७

अनसूया,

तुझं पत्र मी एका बसकीत वाचलं. ह्यांना आश्चर्य वाटलं. काय लिहिलंय विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पुलाचं.

एक विचारायचं होतं. वर्षभर विचारीन म्हटलं, पण ह्यांच्या हातून कसं विचारणार? आत्माराम नेमका कुठून पडला? पुलाच्या मधून? कुणी बघितलं होतं काय? कठडा झाला की त्या जागेला हात लावून ये माझ्या नावाने. मला यायला जमंल तेव्हा मी येईन, पण आंबे उतरेपर्यंत नाय जमायचं.

गोदू

*

भाईंदर पूर्व,
१६ मार्च १९९७

वन्सं,

कठडा झाला. लोखंडी पाइपचा, दोन्ही बाजूंना, हिरवा रंग. रंग ओला होता तोवर लोक मधून गेले, आता हात लावून जातात. पेणकरपाड्याहून मासे घेऊन येणारी बाई पाटी त्याला टेकवून दम खाते. काल मला म्हणाली, "बरा झाला, न्हाय तं डोक्यावर पाटी आन खाली नाला, जीव मुठीत धरून यायची मी."

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. बघणारं एकच माणूस होतं, कोपऱ्यावरचा दूधवाला. त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. हे पुलाच्या मधून पडले नाहीत. पूल यांनी पार केला होता. आपल्या बाजूला पूल संपला की काठावरून खाली उताराचा एक तुकडा आहे, चार-पाच हातांचा, मग रस्ता लागतो. त्या उतारावर पाय सरकला आणि बाजूने खाली गेले. म्हणजे घराच्या बाजूला पोचले होते.

कठडा त्या तुकड्याला नाही. पाइप पुलाच्या टोकाला येऊन थांबलाय. मी कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं, "पुढे का नाही?" तो म्हणाला, "बाई, आमचं काम काठापर्यंत. काठ संपला, सतरा संपला. पुढे अठरा." त्याने मला कागद दाखवला. बरोबर होतं त्याचं.

साहेबांनी मला कुठला काठ विचारलं, तेव्हा मी कुठलाही म्हटलं. मला वाटलं होतं, पूल म्हणजे पूल, उतार त्यातच आला. तो तुकडा पुलाचा नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. यांचा पाय जिथून सरकला, नेमकी तेवढी जागा रेघेच्या अलीकडे राहिली.

मी तिथे उभी होते. हात लावायला तिथे काही नाही, म्हणून तुमच्या नावाने हात लावला नाही. रडूही आलं नाही. दूधवाल्याने हाक मारली, "वहिनी, बाजूला व्हा, सायकल येतेय," तेव्हा बाजूला झाले.

पण एक आहे, वन्सं. तो चार-पाच हातांचा तुकडा अठरात आहे, म्हणजे माझ्या वॉर्डात. तिथे माझं मत आहे. "तुमचं मत मला नाही" असं रुचिताला म्हणता येणार नाही. सकाळी आठला तिच्याकडे बारा माणसं चहाला असतात. उद्या तेरावी मी.

अनसूया